पिवळ्या दिव्याखालची डिजनरसी

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी हायड्रोजनचं गणित मला पाठ होतं, पण कळलं नव्हतं. इलेक्ट्रॉनच्या दुसऱ्या ऊर्जा-पातळीवर चार अवस्था, तिसरीवर नऊ (स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण सोडून), आणि एका पातळीवरच्या सगळ्यांची ऊर्जा एकच; यालाच डिजनरसी म्हणतात. का?

अर्धं उत्तर सोपं. केंद्रकाची ओढ सगळ्या दिशांना सारखीच, म्हणून कोनीय संवेग (इलेक्ट्रॉनच्या केंद्रकाभोवती फिरण्याचं माप) कुठे झुकलाय याने ऊर्जा बदलत नाही. एल हा या संवेगाचा क्रमांक; तो १ असेल तर तीन अवस्था, २ असेल तर पाच. पण एल शून्य आणि एल एक यांची ऊर्जा तरी सारखी का असावी? एकात कोनीय संवेग मुळीच नाही, दुसऱ्यात आहे! या प्रश्नाने माझी झोप उडवली होती.

हॉस्टेलबाहेर सोडियमचा पिवळा दिवा होता. तो पिवळा रंग म्हणजे तिसऱ्या पातळीवरच्या ३पी (एल एक) आणि ३एस (एल शून्य) या अवस्थांमधला सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक. आतले दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाला झाकतात, बाहेरच्यावरचं बल व्यस्त वर्गाचं (अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातलं) राहत नाही आणि समानता मोडते. म्हणजे हायड्रोजनमधली ती समानता व्यस्त वर्गाच्या नियमाची देणगी होती! त्याच नियमामुळे केप्लरची लंबवर्तुळं, म्हणजे ग्रहांच्या कक्षा, जागच्या जागी राहतात, त्यांचा लांब अक्ष फिरत नाही. हा अक्ष दाखवणारा सदिश घेऊनच भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने १९२६ मध्ये हायड्रोजनच्या पातळ्या काढल्या. ते गणित मी त्या आठवड्यात तीनदा हाताने लिहून काढलं. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं.