नऊपैकी आठ निघाले

परवा रविवारी जुना पीसी खोलला. 2017 ला एएमडीचे रायझन प्रोसेसर नवीन आले होते तेव्हा हौसेने मीच जोडलेला, माझा पहिला. म्हटलं कॅबिनेट तेच ठेवू, चांगलं जड पत्र्याचं आहे, आतला बोर्ड प्रोसेसर रॅम तेवढं बदलू, दोन तासांचं काम. हा हा.

एटीएक्स म्हणजे नेहमीच्या मोठ्या मापाच्या मदरबोर्डला नऊ स्क्रू असतात, तीन-तीनच्या तीन ओळी. आठ पटापट निघाले. नववा, बरोब्बर मधला, हलेचना. आणि मी काय केलं तर हाताशी होता तो मोबाईल रिपेअरच्या किटमधला बारका स्क्रूड्रायव्हर लावून जोर केला. स्क्रूच्या डोक्यावरच्या फुलीच्या खाचेच्या कडा उतरत्या असतात त्यामुळे टोक नीट बसलं नाही की ते वर ढकललं जातं आणि दरवेळी थोडं थोडं खरवडतं. तीन-चारदा कर्र झालं आणि फुलीची वाटी झाली. मग उठून दोन नंबरचा मोठा आणला, जो आधीच आणायला हवा होता.

मोठ्याने जरा पकडलं, सगळं वजन टाकून फिरवलं तर फिरला! खूश झाले, पण स्क्रू वर येईना. वाकून टॉर्च मारला तर खालचा पितळी स्टँडऑफच, म्हणजे पत्र्यात बसवलेला, बोर्डला वर उचलून धरणारा आणि स्क्रू ज्यात जातो तो छोटा खांब, सोबत फिरतोय. बोर्ड आणि पत्रा यांच्यात जेमतेम बोटाच्या जाडीएवढीही जागा नाही, कडेचा असता तर नोज प्लायर घुसवला असता, मधल्याला कुठून पकडणार.

पुढचा तासभर नुसता तमाशा. रबरबँडची आयडिया सगळे सांगतात ना, डोक्यावर रबर ठेवून वरून दाबायचं, ते केलं. रबर कापलं गेलं आणि तुकडा त्या वाटीत रुतून बसला, तो सुईने उकरून काढण्यात दहा मिनिटं गेली. दादा आतून ओरडतोय, ड्रिल मारू का, ड्रिल मारू का. त्याला नवीन ड्रिल मशीन घेतल्यापासून प्रत्येक गोष्टीत भोकच दिसतं. अरे बाबा लोखंडाचा चुरा बोर्डवर पडला तर कुठेतरी शॉर्ट होईल, हा बोर्ड मला भाचीसाठी चालू हवाय. फेव्हिक्विक पण सुचवून झालं, नको.

आई भाजी निवडत बसली होती समोर. म्हणाली, "अगं फिरतोय ना तो? मग फिरू दे की."

मी म्हटलं आई तो स्क्रू नाही फिरत, खालचं फिरतंय. "मग खालचं निघेल."

आणि खरंच की. मी तासभर स्टँडऑफला थांबवायला बघत होते, पण बाकीचे आठ निघालेत म्हटल्यावर त्याला धरून ठेवायचंच कशाला, तो पत्र्यातून सुटला की झालं. त्याला फार जोरही लागत नाही, 2017 मध्ये हातानेच तर बसवलेला, त्यामुळे घासलेल्या फुलीवरही काम भागलं. सावकाश सात-आठ वेढे, एका हाताने बोर्ड किंचित उचलून धरलेला, आणि बोर्ड स्टँडऑफसकट वर आला. टेबलावर आडवा धरून मागून पितळी षटकोन पक्कडीत धरला.

आता उजेडात नीट बघितलं तर या स्क्रूचं डोकंही षटकोनी. बाकी आठ गोल डोक्याचे! मग पुढून नोज प्लायरने ते डोकंच धरलं आणि कच्चकन सुटला. फुलीची गरजच नव्हती, तासभर मी फक्त फुलीकडे बघत होते.

गुन्हेगार मीच. गोल डोक्याचे ते एम3, म्हणजे 3 मिमी जाडीचे, आटे बारीक, अर्ध्या मिमीवर एक. षटकोनी तो 6-32, अमेरिकन मापाचा, साधारण साडेतीन मिमी, एका इंचात 32 आटे. मोठ्या हार्डडिस्क आणि पॉवर सप्लायला हे जाड लागतात, अडीच इंची एसएसडीला बारीक, आणि कॅबिनेटवाले दोन्ही एकाच पिशवीत टाकून देतात. जाडा स्क्रू बारीक भोकात एक-दोन वेढे जातो आणि अडकतो. मला आठवतंय पण, तेव्हा तो थोडा वर राहिला होता आणि मी म्हटलं होतं जाऊ दे, अजून एक पीळ मारू. पहिले दोन-तीन वेढे नुसत्या बोटांनी जायला पाहिजेत, नाही गेले तर स्क्रू चुकीचा, एवढंच बघायचं होतं.

स्टँडऑफच्या आतले आटे अर्थात गेले. सोमवारी ऑफिसनंतर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत गेले, म्हटलं एक पितळी स्टँडऑफ द्या, एम3 चा, आणि नऊ स्क्रू. काका म्हणाले एक कुठे घेता ताई, घ्या मूठभर, आणि डब्यात हात घालून कागदाची पुडी बांधून दिली. घरी येऊन उघडली तर गोल डोक्याचे आणि षटकोनी, सगळे एकत्र.