शिंका सकाळी, दम रात्री

घट बसायच्या आधी गोधड्या धुवायच्या, हा आमच्याकडचा शिरस्ता. गेल्या वर्षी सकाळी दहाला माळ्यावरचं बोचकं खाली ओढलं आणि पहिली गोधडी झटकेपर्यंत शिंकांची लड लागली. नाक गळतंय, टाळूला आतून खाज. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतली, दुपारी बरं वाटलं. रात्री अकराला मात्र छातीतून शिट्टीसारखा आवाज. आडवं होता येईना. मी त्याचं खापर जेवणातल्या दह्यावर फोडलं.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी काय करत होतात?"

त्यांनी सांगितलं ते असं. ॲलर्जीच्या दोन फेऱ्या असतात. पहिली काही मिनिटांत. पेशींतून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, शिंका येतात. दुसरी साधारण चार ते आठ तासांनी सुरू होते आणि रात्रीपर्यंत रेंगाळू शकते. तोवर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात आणि श्वासनलिका आतून सुजतात. त्यासाठी पुन्हा धूळ लागत नाही. म्हणजे रात्रीचा दम सकाळच्या गोधडीचाच होता!

मग फुंकायची तपासणी. "फुंका, फुंका, अजून, अजून..." डोळ्यांपुढे काजवे चमकले. पहिल्या सेकंदात 1.9 लिटर. इनहेलर देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा, तेव्हा 2.2. हा फरक 12 टक्के आणि 200 मिलिलिटरच्या वर गेला, की दम्याकडे बोट जातं.

त्वचेच्या तपासणीआधी आठवडाभर सेट्रिझिन बंद. तो आठवडा रुमालांतच गेला. हातावर पेनाने आकडे, प्रत्येकापाशी एक थेंब, वर बारीक टोचणी. वीस मिनिटं खाजवायचं नाही, हे सगळ्यात अवघड. धुळीतल्या किड्यांपुढे सात मिलिमीटरची गांधी उठली, झुरळापुढे चारची. दह्याचा थेंब नव्हताच. विचारलं, तर बाई नुसत्या हसल्या.

नाकाचा स्प्रे मी वर्षानुवर्षं मान मागे टाकून मारत होते, तो सरळ घशात. आता मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, नाकाच्या मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूला. स्टिरॉइडचा इनहेलर रोज, मग चूळ. नाक सुधारलं तशी छातीही निवळत गेली. अभ्रे, चादरी साठ अंशांच्या पाण्यात.

आजीच्या लुगड्याची गोधडी तेवढी राहिली. त्या पाण्यात तिचा रंग जाईल. यंदा नवऱ्याने ती गॅलरीत उन्हात घातली, मी काचेआडून बघत होते.