डेल्फ्टचं नाव मी आधी पुस्तिकेवर वाचलं होतं

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला येऊन तीन महिने झाले आणि दारात एक सरकारी पाकीट पडलं. भाषांतराच्या अॅपवर धरलं तर कळलं, कर भरायचा आहे आणि तो डेल्फलंडच्या जलमंडळाचा आहे. पिण्याच्या पाण्याचं बिल वेगळं येतं. हे पैसे बांधांचे, पंपांचे, कालव्यांचे आणि सांडपाणी शुद्धीकरणाचे. मी जलसंपदा खात्यातून अभ्यासरजेवर आलेली बाई; खात्याचं काम मला ठाऊक, पण पूर सांभाळण्याचं स्वतंत्र बिल आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. हे मंडळ १२८९ पासूनचं आहे. अशी एकवीस जलमंडळं या देशात आहेत, त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात, आणि देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली असल्यामुळे लोक मतही देतात.

मी शिकते ती संस्था १९५७ साली सुरू झाली, तीच मुळी बाहेरच्या देशांतल्या अभियंत्यांना शिकवायला. आयएचई डेल्फ्ट. माझ्या वर्गात इथिओपिया, सुदान आणि इजिप्त असे तिघंही आहेत. नाईलच्या पाणीवाटपाचा सराव करायचा होता तेव्हा सरांनी मुद्दाम इजिप्तच्या मुलाला धरण बांधणाऱ्या वरच्या देशाच्या बाजूने बसवलं. पहिली दहा मिनिटं सगळे हसत होते. मग तो इतक्या हिरिरीने भांडायला लागला की हसणं थांबलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. डेल्फ्ट हे नाव मी इथे येण्याच्या कितीतरी आधी वाचलं होतं. नोकरीला लागले तेव्हा कार्यालयातल्या एका लोखंडी कपाटात प्रशिक्षणाच्या जाडजूड पुस्तिकांची चळत होती, वर ‘डेल्फ्ट हायड्रॉलिक्स’ छापलेलं. १९९५ ते २००३ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून आणि नेदरलँड्स सरकारच्या तांत्रिक मदतीतून जलविज्ञान प्रकल्पाचा पहिला टप्पा झाला. महाराष्ट्र त्यात होता. पाऊस, नदीची पातळी, भूजल हे सगळं एकाच पद्धतीने मोजायचं, तपासायचं आणि साठवायचं, यासाठी तो होता. त्यातलंच हायमॉस नावाचं सॉफ्टवेअर इथे तयार झालेलं. ते बनवणारी डेल्फ्ट हायड्रॉलिक्स ही संस्था २००८ मध्ये डेल्टारेस या नव्या संस्थेत विलीन झाली. परवा तिच्या इमारतीवरून सायकल हाणताना मी उगाचच थांबले. माहेरच्या माणसाचं घर अचानक दिसावं तसं वाटलं.

त्या पुस्तिकांतलं सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण रेटिंग कर्व्हचं. वाचताना डुलकी येते, आणि माझ्या मते सगळं त्याच्यावरच उभं आहे. नदीतून किती पाणी वाहतंय हे सहसा कुणी रोज मोजत नाही. रोज वाचली जाते ती पट्टीवरची पातळी. पातळीवरून विसर्ग, म्हणजे वाहणारं पाणी, काढायला एक वक्ररेषा लागते, तोच हा रेटिंग कर्व्ह. ती बांधायला उन्हाळ्यात, पावसाळ्यात, भर पुरात, पुलावरून किंवा होडीतून प्रवाहमापक पाण्यात सोडून वेग मोजायचा आणि पात्राचा काटछेद घ्यायचा. एवढ्यानं भागत नाही. मोठा पूर तळ खरवडून जातो, कुणी वाळू उपसतो, खाली नवा बंधारा होतो, आणि जुनी रेषा खोटं बोलू लागते. पट्टी बरोबर वाचलेली असते, नोंद सुवाच्य असते, आकडा मात्र चुकीचा. संगणकावर तो इतका नीटनेटका दिसतो की शंकाही येत नाही.

आता भागीदारीचे प्रकल्प नेमके कुठे अडकतात ते बघा. यंत्रं येतात, सॉफ्टवेअर येतं, प्रशिक्षणं होतात, गटाचे फोटो निघतात. मग शिकलेल्या माणसाची बदली कालव्यावर होते आणि त्याच्या जागी आलेल्याला पासवर्डही माहीत नसतो. माझ्या वर्गातल्या जवळपास सगळ्या देशांतली कहाणी हीच. आम्ही चहाच्या सुट्टीत मोजली होती.

शिकवणाराच प्रत्येक वेळी बरोबर असतो असंही नाही. बांगलादेशच्या मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या नैऋत्य किनाऱ्यावर १९६० च्या दशकात मातीचे बांध घालून जमीन वेढली गेली. डच पद्धत, डच शब्दही तसाच उचलला, ‘पोल्डर’. सुरुवातीला खारं पाणी अडलं, भात पिकला. पण तिथल्या भरतीच्या पाण्यात प्रचंड गाळ असतो. पूर्वी तो सखल जमिनीवर पसरायचा, आता नदीतच बसायला लागला. नद्या उथळ झाल्या, पोल्डर मात्र खोलगटच राहिले, आणि आत पडलेल्या पावसाचं पाणी बाहेर जाईना. वर्षानुवर्षं शेतं पाण्याखाली. शेवटी १९९७ मध्ये बील भायना या सखल पाणथळ भागात लोकांनीच बांध कापला. भरतीचं पाणी आत शिरलं, गाळ आत टाकून बाहेर गेलं, सखल जमीन उंचावली आणि ओहोटीच्या जोराने नदीचं पात्र खोल झालं. पुढे सरकारी यंत्रणेने हीच रीत उचलली. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या मदतीने तयार झालेला ‘बांगलादेश डेल्टा प्लॅन २१००’ मंजूर झाला. मैत्रीण म्हणते, ‘‘तज्ज्ञ अजून येतातच. पण आता आधी विचारतात, गाळ कुठे जातो?’’

माझ्या प्रबंधासाठी मला आमच्याकडच्या एका नदीची जुनी मोजमापं हवी होती. खात्याकडून आकडे मिळाले, सुबक तक्त्यात. मॉडेलमध्ये घातले, तर एका वर्षापासून पुढे खालच्या केंद्रावरचा पूर वरच्या केंद्रापेक्षा कमी, आणि मधे धरण नाही की मोठा उपसा नाही. दोन आठवडे मी मॉडेललाच दोष देत बसले.

शेवटी आमच्या निवृत्त उपअभियंता साहेबांना फोन लावला. त्या पुस्तिकांवरून ज्यांचं प्रशिक्षण झालं त्यांपैकी हेच एक मला सापडले. इथे सकाळचे आठ, तिकडे दुपार. साहेब नुकतेच जेवून उठले होते. मी मॉडेलचं नाव, पद्धत, सगळं भडाभडा सांगितलं. ते मधे एकदाही बोलले नाहीत.

मग म्हणाले, ‘‘मॅडम, ते सगळं ठीक आहे. खालच्या केंद्राचा कर्व्ह कुठल्या सालचा आहे?’’

मी तक्ता पुन्हा उघडला. तो रकाना रिकामा होता.