मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर बदलताना

माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात सॉकेट ४७८ चा, पेंटियम ४ प्रोसेसर असलेला एक संगणक अजूनही वापरात आहे, आणि तो गरजेपोटी वापरात आहे. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टांमध्ये जुळवलेली पुस्तके आणि स्मरणिका पुन्हा उघडायच्या, तर त्या वेळचे सॉफ्टवेअर लागते, त्या सॉफ्टवेअरला पॅरलल पोर्टला, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या जोडणीला, लावायचे हार्डवेअर लॉक (अधिकृत प्रत ओळखणारी छोटी डबी) लागते, आणि ते लॉक ओळखणारे विंडोज ९८ नव्या यंत्रावर सुखाने नांदत नाही. त्यामुळे ‘नवा घेऊन टाका’ हा सल्ला तिथे निरुपयोगी ठरतो आणि मदरबोर्ड, म्हणजे संगणकातला मुख्य सर्किट बोर्ड, दुरुस्त करणे हाच मार्ग उरतो.

लक्षणे ओळखीची होती. सकाळी बटण दाबले की पंखा फिरायचा, पण पडद्यावर काहीच उमटत नसे. चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर यंत्र मुकाट्याने सुरू व्हायचे आणि एकदा गरम झाले की दुपारपर्यंत चालायचे. थंडीत हा त्रास वाढतो, हे लक्षण कपॅसिटरकडे, म्हणजे वीज क्षणभर साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या डबीसारख्या भागाकडे, बोट दाखवणारे आहे, कारण त्याच्या आतल्या थंड इलेक्ट्रोलाइटचा (वीज वाहणाऱ्या द्रवाचा) विद्युतरोध वाढतो आणि आधीच कमकुवत झालेला कपॅसिटर सुरुवातीच्या क्षणी कमी पडतो. अशा वेळी रॅम बदलून पाहणे, विंडोज पुन्हा टाकणे यांत बरेच लोक पैसे आणि फाइली दोन्ही घालवतात.

झाकण काढून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहिले, की उत्तर बहुधा डोळ्यांनाच मिळते. कपॅसिटरच्या डब्याच्या माथ्यावर मुद्दाम कोरलेली फुलीसारखी खाच असते, ती आत दाब वाढल्यावर स्फोट न होता तिथूनच फाटावे म्हणून. निरोगी कपॅसिटरचा माथा सपाट असतो. बिघडलेल्याचा घुमटासारखा वर येतो आणि कधी खाचेतून तपकिरी खरपुडी बाहेर दिसते. माथा सपाट असूनही कपॅसिटर किंचित कलता उभा असेल तरी सावध व्हावे, कारण काही वेळा दाब खालच्या रबरी बुचाला बाहेर ढकलतो. या बोर्डावर प्रोसेसरलगतच्या रांगेत एकाच बनावटीचे सगळे कपॅसिटर फुगले होते, आणि तेवढीच उष्णता सोसलेले शेजारचे दुसऱ्या बनावटीचे कपॅसिटर मात्र ठणठणीत होते. नुसत्या वयाचा दोष असता तर असा पंक्तिप्रपंच झाला नसता.

१९९९ च्या सुमारापासून पुढची काही वर्षे सदोष कपॅसिटरांची जी साथ जगभर पसरली, तिचेच हे उशिरा दिसलेले रूप असावे. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये द्रवात भिजवलेला कागद आणि एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर, एवढीच या भागाची रचना असते. रोध कमी ठेवण्यासाठी त्या द्रवात पाण्याचे प्रमाण वाढवले गेले, पण पाण्याची ॲल्युमिनियमशी होणारी प्रक्रिया रोखणारी द्रव्ये त्यात नीट नसली, की हायड्रोजन तयार होतो आणि डबा फुगतो. या द्रवाचे चोरलेले अर्धवट सूत्र वापरल्यामुळे ही साथ आली, अशी कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. ती रंजक आहे, सिद्ध झालेली नाही. चांगल्या कपॅसिटरचे गणित वेगळे असते: १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास असे आयुष्य छापलेले असेल, तर तापमान दर १० अंशांनी उतरले की ते साधारण दुप्पट होते, म्हणजे ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास मिळतात. साथीच्या काळातले कित्येक बोर्ड दोन-तीन वर्षांतच मेले, ते या हिशेबात बसत नाहीत.

माझ्या मते घरगुती दुरुस्ती सर्वांत जास्त फसते ती सुटा भाग निवडताना. प्रोसेसरला सुमारे दीड व्होल्टवर चाळीसेक अँपिअर प्रवाह लागतो. १२ व्होल्टमधून तो विद्युतदाब सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करून उतरवला जातो, आणि त्या उघडझापेचे हेलकावे हे कपॅसिटर शोषून घेतात. म्हणून आवरणावरचे ‘३३०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट’ हे आकडे जुळले एवढ्यावर भागत नाही. अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, कमी असणे आणि हेलकाव्यांचा प्रवाह सोसण्याची क्षमता असणे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. साध्या मल्टिमीटरवर बिघडलेला कपॅसिटरही कित्येकदा योग्य क्षमता दाखवतो, म्हणून ईएसआर मीटर हाताशी असावा. पॅनासॉनिकची एफआर किंवा रुबीकॉनची झेडएलएच यांसारखी कमी ईएसआरची मालिका पाहावी, व्होल्टेज मूळच्यापेक्षा कमी घेऊ नये आणि माप आधी घ्यावे: ८ मिलीमीटर व्यासाच्या डब्याच्या पायांत ३.५ मिलीमीटर, तर १० मिलीमीटरच्या पायांत ५ मिलीमीटर अंतर असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सुटे कपॅसिटर सहज मिळतात, पण नामवंत मालिकेचे आवरण चढवलेला नकली मालही बाजारात असतो, त्यामुळे किंमत संशयास्पद कमी असेल तर तो मोह टाळावा. शिवाय फुगलेले तेवढेच न बदलता ती रांग पूर्ण बदलावी. सपाट दिसणारा भाऊबंद फार काळ साथ देत नाही.

काढण्याचे काम संयमाचे आहे. मदरबोर्डमध्ये तांब्याचे अनेक थर असतात आणि ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या सामाईक ऋण थराला, जोडलेला पाय सगळी उष्णता त्या थरांत पसरवतो, त्यामुळे २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न तिथे हतबल होते. साठ-सत्तर वॅटचे, जाड टोकाचे आयर्न लागते. आधी जुन्या सांध्यावर थोडे फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायचे द्रव्य) आणि ताजे ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) चढवावे. ते १८३ अंशांनाच वितळते आणि उष्णता चटकन पोहोचवते. मग एक पाय तापवून डबा हलकेच एका बाजूला कलवावा, नंतर दुसरा पाय तापवून दुसऱ्या बाजूला, असे करत तो आपसूक निघतो. ओढाताण केली तर छिद्राच्या आतला तांब्याचा मुलामा पायाबरोबर बाहेर येतो, आणि तसे झाले की आतल्या थरांशी असलेली जोडणी तुटते. छिद्रातले उरलेले सोल्डर पंपाने निघाले नाही, तर ते वितळवून स्टीलची सुई घालावी, कारण स्टीलला सोल्डर सहसा चिकटत नाही. ध्रुवांची खूण सगळ्या बोर्डांवर सारखी नसते. बहुतेक ठिकाणी वर्तुळाचा रंगवलेला भाग ऋण बाजू दाखवतो, काही बोर्डांवर नेमके उलट असते, म्हणून पहिला कपॅसिटर काढण्यापूर्वीच छायाचित्र घेऊन ठेवावे.

नवी रांग बसल्यावर हार्ड डिस्क न जोडता यंत्र सुरू केले, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, प्रोसेसरचा व्होल्टेज स्थिर दिसला, आणि थंड अवस्थेतही पहिल्याच बटणाला पडदा उजळला. तरीही पॉवर सप्लाय उघडून पाहणे भाग होते. तिथल्या मोठ्या कपॅसिटरांवर २३० व्होल्टचे एकदिशीकरण होऊन सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकतात, म्हणून ते रिकामे झाल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये. संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट पुरवत राहणाऱ्या स्टँडबाय विभागातले दोन लहान कपॅसिटर वर्षानुवर्षे अखंड तापलेले असतात. त्यांचे माथे सपाट होते, पण ईएसआर फार वाढला होता, तेही बदलले.