मिरचीची लबाडी

मिरची झोंबते म्हणजे नेमकं काय होतं, हे कळायला 1997 साल उजाडावं लागलं. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत चेतातंतूंवरचा एक पहारेकरी सापडला. साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर काही तापलं की तो मेंदूला ‘भाजतंय’ म्हणून कळवतो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. म्हणजे ठेचा खाऊन तोंडाची आग होते तेव्हा तोंडात काहीच तापलेलं नसतं, जिभेला चक्क फसवलेलं असतं. या शोधासाठी ज्युलियसना 2021 चं नोबेल मिळालं, अर्धं वाटून. आणि आम्ही नाकाडोळ्यांतून पाणी गाळत ‘अजून थोडा वाढ’ म्हणतो.

तिखटाने आतड्याला भोकं पडतात, असं आमच्या आत्याचं ठाम मत. 1988 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी धडधाकट माणसांच्या जठरात नळीने वाटलेली हालापेन्यो मिरची सोडली आणि दुर्बिणीतून पाहिलं, तर अस्तराला इजा दिसली नाही. अल्सरमागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू असतो, नाहीतर वेदनाशामक गोळ्या. त्या जिवाणूवर कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा 1984 मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन टाकला. आत्याला हे सगळं सांगितलं. ‘त्यांच्या मिरच्या मिळमिळीत असतील,’ म्हणाली. पित्ताच्या माणसाला तिखट सोसत नाही हे मात्र खरंच, त्यामुळे तिच्याशी फार वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आयुष्य वाढतं म्हणतात, त्याचं काय? चीनमध्ये सुमारे 5 लाख लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. जवळजवळ रोज तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण क्वचित खाणाऱ्यांपेक्षा 14 टक्क्यांनी कमी आढळलं. ही 2015 ची गोष्ट. 2019 मध्ये इटलीच्या मोलिसे भागातून 23 टक्क्यांचा आकडा आला. पण दोन्हीकडे लोकांना फक्त ‘काय खाता?’ एवढंच विचारलेलं, कुणाला मिरच्या खाऊ घालून पाहिलेलं नाही. आणि आजारी माणसाचं घरात पहिल्यांदा काय बंद होतं? तिखटच! मग तिखट खाणारे ठणठणीत निघणारच. चिनी अभ्यासात हृदयरोग, कॅन्सर असलेले आधीच वगळले होते म्हणे, तरी माझी शंका काही पुरती जात नाही. इटलीतल्या मिरचीसोबत ऑलिव्ह तेल असतं, आमच्याकडे वडा.

त्यापेक्षा औषध म्हणून मिरचीचं काम मला जास्त पटतं. नागीण बरी झाल्यावरही मागे राहणाऱ्या वेदनेवर 8 टक्के कॅप्सेसिनची पट्टी लावतात. सततच्या माऱ्याने तिथले चेतातंतू थकतात आणि महिनोन्‌महिने गप्प बसतात. ही पट्टी लावणाऱ्याला खास हातमोजे घालावे लागतात. आत्या पाट्यावर खर्डा वाटते ती उघड्या हातांनी. मग हातांची आग आग होते, पाण्याने काही केल्या जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ती खोबरेल चोळते, साबणाने हात धुते आणि त्या दिवशी डोळे चोळायचे असले तर पदराने चोळते.