मावशीचे पत्ते आता मावशीच खेळते

पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेल्यावर मावशीचं चालणं-बोलणं बरंचसं परत आलं, उजवा हात मात्र काही आला नाही. आणि पत्ते म्हणजे तिचा जीव की प्राण! आता रमीचे 13 पत्ते डाव्या हातात धरले तर टाकायचे कुठल्या हाताने? मग मी शेजारी बसून तिचे पत्ते धरायला लागले. मला वाटायचं केवढी मदत करतेय मी, आणि तोंडाने चालू, हा टाकू का, अगं तो नको, सिक्वेन्स मोडेल ना. चौथ्या डावाला ती म्हणाली, तुझं तूच खेळ, मी पडते जरा. लागलं हो मला, पण खरं होतं.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून कपडे धुवायचा ब्रश उलटा ठेवून त्याच्या दातांत पत्ते खोचून बघितले. चालतं ते, पण पाच-सहा पत्त्यांपुरतंच. शेवटी खाच पाडलेली लाकडी पट्टी आणली, बाकदार, म्हणजे सगळे पत्ते पंख्यासारखे दिसतात. एका हाताने पत्ता ओढला की अख्खी पट्टीच सरकायची, तर ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी कापून खाली घातली, काम झालं. ना बॅटरी, ना चार्जिंग. (पत्ते पिसायचं मशीनही आणलं होतं, घरघर फार आणि दर वेळी एक पत्ता आत अडकणार, सध्या माळ्यावर आहे.)

यावरून बोचिया आठवला. पॅरालिम्पिकमध्ये 1984 पासून आहे हा खेळ, पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू न्यायचे. ज्यांना हाताने चेंडू टाकता येत नाही ते घसरगुंडीसारख्या रॅम्पवरून सोडतात, कुणी डोक्याला बांधलेल्या दांडीने, कुणी तोंडातल्या. रॅम्प हलवायला मदतनीस असतो, पण तो कोर्टाकडे पाठ करून बसतो आणि खेळ चालू असताना वळून बघायची त्याला परवानगीच नाही! किती डावीकडे, किती उंचावरून, सगळं खेळाडूनेच ठरवायचं. हा नियम वाचला तेव्हा मला माझी ती बडबड आठवून कानकोंडं झालं.

वाटायचं काम अजून आम्हीच करतो, बाकी सगळं तिचं ती. परवा मी पाणी आणायला तिच्या मागून निघाले तर पट्टीवर हात आडवा धरून म्हणते, तिकडून जा गं, पत्ते दिसतात.