सायकलच्या पिशवीत काय असावे

जळगावहून यावलमार्गे सातपुड्याकडे सायकलने निघताना मी सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, टायर काढण्याचे लिव्हर, पॅचचा डबा आणि 4, 5 व 6 मिलिमीटरच्या एलन की (षटकोनी खाचेचे बोल्ट फिरवण्याच्या किल्ल्या) ठेवतो. हातपंप मात्र फ्रेमलाच बांधलेला बरा. खानदेशात खरी डोकेदुखी बाभळीच्या काट्याची असते, आणि नवी ट्यूब बसवण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काट्याचे मोडलेले टोक शोधले नाही, तर तीही लगेच पंक्चर होते. ते टोक नखाने निघत नाही, म्हणून छोटा चिमटा हवाच. पॅचचे सोल्यूशन एकदा उघडले की उन्हाळ्यात नळीतच सुकते, त्यामुळे मी न फोडलेली नळी नेतो. तुटलेली चेन जोडण्याची कडी आणि चेनची पिन काढण्याचे छोटे अवजार, म्हणजे चेनटूल, तोरणमाळच्या घाटासाठी तरी घ्यावेच. जाडजूड पान्यांचा संच खुशाल घरी ठेवावा.